संकेतस्थळाची बांधणी आणि वस्तुप्रधान आज्ञावली



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें असेल, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्या गृहस्थाचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक व व्याकरण शिकविलें, त्यानें संगणकाच्या आज्ञावलीविषयीं बोलावें हें थोडें धाडसाचें आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाचें चिटणीसपद माझ्याकडे आलें, आणि त्या पदाबरोबर वाचनालयाचें संकेतस्थळही माझ्या गळ्यांत पडलें. त्या संकेतस्थळानें मला जें शिकविलें तें शिकण्यांत माझीं चार वर्षें गेलीं, आणि मधल्यामधें एका भल्या माणसाचा विनाकारण अपमान झाला. म्हणून हा प्रश्न केवळ कारागिरांनीं आपसांत वाद घालण्याचा आहे असें मला वाटत नाहीं.

आमचें पहिलें संकेतस्थळ माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें, एक पैसाही न घेतां, पीएचपी नांवाच्या भाषेंत तयार करून दिलें होतें. ग्रंथांची सूचि, सभासदांची वर्गणी, पुस्तक उशिरा परत केल्याबद्दलचा दंड, सारें त्यांत होतें. पद्धत अगदीं सरळ. जितकीं पानें तितक्या फायली, आणि प्रत्येक फाइलींत वरपासून खालपर्यंत एकामागून एक आज्ञा. पाककृति वाचावी तशी ती फाइल वाचतां येई. दंडाचा नियम मात्र चार ठिकाणीं उतरलेला होता: सभासदाच्या खात्याच्या पानावर, पावतीवर, आठवणीचा संदेश पाठविणाऱ्या फाइलींत, आणि मार्चअखेर थकबाकीदारांची जी यादी प्रसिद्ध होत असे तींत. पुढें कार्यकारी मंडळानें ठराव केला कीं ७० वर्षांवरील सभासदांस दंड माफ असावा. मीं विद्यार्थ्यास कळविलें. त्या बिचाऱ्यानें रात्रीं नोकरीवरून घरीं आल्यावर बदल केला, परंतु तीनच ठिकाणीं. चवथें ठिकाण त्याच्या ध्यानांतून गेलें.

एप्रिलमध्यें यादी लागली. तींत माझ्याहून दहा वर्षांनीं वडील असलेल्या एका निवृत्त शिक्षकांचें नांव, २१४ रुपये थकबाकीसह, साऱ्या जगाला दिसेल असें झळकलें. त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या पानावर बाकी शून्य दिसत होती. गृहस्थ एक अक्षर बोलले नाहींत. घरीं असलेलीं दोन पुस्तकें त्यांनीं नातवाच्या हातीं पाठवून दिलीं, आणि सोबतच्या चिठ्ठींत अनामत रक्कम परत मागितली.

ही हकीकत माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या कानीं गेली. हा मोठ्या कंपनींत मोठ्या हुद्द्यावर. तो म्हणाला, "गुरुजी, हें केव्हां ना केव्हां होणारच होतें. ती रचना ऑब्जेक्ट ओरिएंटेड नाहीं." पहिल्याला हें कळतांच तो उसळून म्हणाला, "गुरुजी, चार पानांच्या संकेतस्थळाला हा राजवाडा कशाला?" असा हा वाद माझ्या पडवींत सुरू झाला, आणि न्यायाधीश मीं व्हावें असें ठरलें. ज्याला खटल्याची भाषाच कळत नाहीं असा न्यायाधीश! तेव्हां मीं आधीं भाषा शिकावयाचें ठरविलें.

ह्या रचनेला मराठींत काय म्हणावें? कोणी 'वस्तुनिष्ठ' म्हणतात. माझ्या कानाला तें खटकतें, कारण वस्तुनिष्ठ म्हणजे पक्षपातरहित, आणि आज्ञावलीनें पक्षपात केल्याची तक्रार अद्याप माझ्या ऐकिवांत नाहीं. मी 'वस्तुप्रधान' म्हणतों. नेहमींच्या पद्धतींत क्रियापद हा राजा असतो: हें वाच, तें वजा कर, तें छाप. वस्तुप्रधान पद्धतींत नाम पुढें येतें. ह्या कारभारांत कोणकोण आहेत, असें आधीं विचारावयाचें. सभासद आहे, ग्रंथ आहे, पावती आहे. मग प्रत्येकाची माहिती आणि त्या माहितीवर करावयाचीं कामें एकाच गांठोड्यांत बांधावयाचीं. सभासदाची जन्मतारीख, त्याच्याकडील पुस्तकें, आणि 'तुझा दंड किती?' ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याची विद्या, हीं सारीं सभासदाच्याच पोटांत. बाहेरच्यानें आंत हात घालावयाचा नाहीं. त्यानें फक्त विचारावयाचें. ह्या गांठोड्याच्या साच्याला 'क्लास' म्हणतात व साच्यांतून निघालेल्या मूर्तीला 'ऑब्जेक्ट'. पेणच्या कारखान्यांत एका साच्यांतून जशा शेंकडों गणेशमूर्ति निघतात, तसे एका सभासद-साच्यांतून आमचे सर्व सभासद निघावयाचे. 'क्लास' म्हणजे इयत्ता असें समजून मीं प्रथम आठ दिवस सारा गोंधळ करून घेतला होता, हें येथें कबूल करून टाकतों.

ही कल्पना संकेतस्थळांसाठीं जन्मास आलेली नाहीं, आणि ह्या एका गोष्टींत वादाचें अर्धें उत्तर आहे. नॉर्वेची राजधानी ओस्लो येथें ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर ह्या दोघांनीं 'सिम्युला' नांवाची भाषा रचली. तिच्या १९६७ च्या आवृत्तींत साचा, मूर्ति आणि वारसा ह्या कल्पना प्रथम एकत्र दिसतात. त्यांना करावयाचें होतें तें अनुकरण. खिडकीपुढें लागलेली रांग, कारखान्यांत एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरकणारें काम, अशा व्यवहारांची नक्कल संगणकांत चालवून पाहावयाची. अशा नकलेंत प्रत्येक गिऱ्हाईक जिवंत असतें. तें येतें, थांबतें, पुढें सरकतें, निघून जातें. तेव्हां प्रत्येकाला स्वतःची स्मृति आणि स्वतःचें वागणें देणें हें ओघानेंच आलें. पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत ॲलन के आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत 'स्मॉलटॉक' ही भाषा केली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दही के ह्यांचाच. वस्तूंपेक्षां वस्तूंनीं एकमेकींना पाठविलेले निरोप महत्त्वाचे, असें त्यांनीं पुढें पुनःपुन्हा सांगितलें आहे. तेथेंही दृश्य तेंच: पडद्यावर खिडक्या उघडलेल्या आहेत, माणूस तासन्‌तास समोर बसला आहे, आणि वस्तु जिवंत आहेत.

आतां संकेतस्थळाकडे वळूं. १९८९ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं ज्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला, त्याचा व्यवहार ह्याच्या अगदीं उलट आहे. तेथें मागणी येते, उत्तर जातें, आणि संबंध संपतो. टपालकचेरींतील एका विसराळू कारकुनाची कल्पना करा. आपण खिडकीशीं जातां, तो नोंदवही उघडतो, आपलें काम करतो, वही मिटतो, आणि तत्क्षणीं आपणांस विसरतो. दोन मिनिटांनीं आपण पुन्हा गेलांत तर 'आपण कोण?' येथपासून आरंभ. ही विस्मृति हा दोष नव्हे. तिच्यामुळेंच एक कारकून हजारों लोकांना पुरा पडतो. आपली ओळख त्याला पटावी म्हणून ब्राउझर दर खेपेस एक लहानशी चिठ्ठी दाखवितो. तिला 'कुकी' म्हणतात, आणि ती १९९४ सालची युक्ति आहे.

ह्याचा परिणाम काय होतो पाहा. पीएचपींत कोणी पान मागितलें कीं सभासदाची मूर्ति साच्यांतून निघते, नोंदवहींतून तिच्या पोटांत माहिती भरली जाते, ती एका प्रश्नाचें उत्तर देते, आणि पान पाठवून होतांच सारें विसर्जन. दीड दिवसाचा गणपति पुष्कळ दिवस राहिला म्हणावयाचें! ज्या मूर्तीचें आयुष्य डोळ्याचें पातें लवण्याइतकेंही नाहीं, तिच्यासाठीं एवढा थाट करावा काय, हा माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. तो पोरकट नव्हता.

शिवाय खरी स्मृति जेथें राहते ती नोंदवही, म्हणजे डेटाबेस, वेगळ्याच घराण्यांतली आहे. तिची बैठक आयबीएममधील एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं घालून दिली. ती ओळी आणि रकाने जाणते. मूर्ति जाणत नाहीं. ओळींतून मूर्ति घडवावयाची आणि मूर्तीच्या पुन्हा ओळी करावयाच्या, हा दुभाष्याचा धंदा वस्तुप्रधान संकेतस्थळाला अखंड करावा लागतो. त्यासाठीं तयार दुभाषे मिळतात, आणि ते बहुधा चांगलें काम करतात. परंतु आमच्या दुभाष्यानें एकदां १०० ग्रंथांच्या सूचीसाठीं नोंदवही १०१ वेळां उघडली. प्रथम यादी, मग प्रत्येक ग्रंथाचा लेखक एकेक करून. पान उघडेपर्यंत चहा पिऊन होई. दोष दुभाष्याचा नव्हे, त्याला काम सांगणाराचा. पण पडद्याआड काय चाललें आहे तें दिसत नसल्यामुळें हा दोष महिनाभर कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

पीएचपीचा स्वतःचा इतिहासही हीच ओढाताण दाखवितो. रास्मुस लेर्डोर्फ ह्यांनीं १९९५ सालीं ती लोकांपुढें ठेवली तेव्हां ती स्वतःच्या घरगुती पानासाठीं केलेल्या लहानशा अवजारांची पेटी होती. साचे तींत १९९८ सालीं, तिसऱ्या आवृत्तींत, शिरले तेही जुजबी. वस्तुप्रधान रचना तिला खऱ्या अर्थानें पेलूं लागली ती २००४ च्या पांचव्या आवृत्तीपासून. वर्डप्रेस ही प्रणाली २००३ सालची. जगांतील संकेतस्थळांचा फार मोठा हिस्सा तिच्यावर चालतो, आणि तिच्या मुळाशीं आजही साध्या फंक्शनांचा मोठा भरणा आहे. उलट ड्रूपल ह्या प्रणालीनें २०१५ सालीं, आठव्या आवृत्तींत, आपलें अंतरंग बदलून तें पुष्कळसें वस्तुप्रधान केलें. कांहीं जुन्या मंडळींना हें ओझें नकोसें झालें व त्यांनीं बॅकड्रॉप नांवाची वेगळी चूल मांडली. दोन्ही घरें आज नांदत आहेत.

असो. मीं त्या वेळीं अर्थातच दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूनें निकाल दिला. २१४ रुपयांची ती यादी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यानें तीन महिने खपून नवें संकेतस्थळ उभें केलें, आणि काम खरोखर देखणें होतें. आधीं सभासद हा मूळ साचा. त्याचे वारस म्हणून साधारण सभासद, विद्यार्थी सभासद, आजीव सभासद, ज्येष्ठ सभासद. बापाचे गुण मुलांत आपोआप उतरावयाचे, फरक तेवढा मुलाच्या साच्यांत लिहावयाचा. कागदावर तो वंशवृक्ष एवढा शोभला कीं मीं तो चौकटींत घालून कचेरींत लावण्याच्या बेतांत होतों.

मग आमच्या एका आजीव सभासदांनीं सत्तरी ओलांडली. आजीव सभासदाला वर्गणी नसते, पण दंड असतो. ज्येष्ठाला दंड नसतो, पण वर्गणी असते. आतां हे गृहस्थ कोणाचे वारस? पीएचपींत साच्याला बाप एकच असूं शकतो. 'आजीव-ज्येष्ठ' असा पांचवा साचा करावा, तर उद्यां मंडळ अपंगांना सवलत देईल, परवां गृहिणींना देईल, आणि साच्यांची संख्या दर ठरावागणिक दुप्पट होईल. बरें, साच्यांतून एकदां निघालेली मूर्ति मागाहून दुसऱ्या साच्याची होत नाहीं. माणूस मात्र एका वाढदिवसाच्या रात्रींत ज्येष्ठ होतो. मूळ चूक आमची होती. ज्येष्ठपण ही माणसाची जात नव्हे, ती एक अवस्था आहे. आम्हीं तिला जात मानून वंशवृक्षांत जागा दिली. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस ह्या चौघांच्या १९९४ सालच्या गाजलेल्या ग्रंथांत वारशापेक्षां जोडणीला प्राधान्य द्यावें असा उपदेश आहे. तो उपदेश माझ्या विद्यार्थ्याला पाठ होता, तरी वंशवृक्ष काढण्याचा मोह त्याला आवरला नाहीं. पाठ असणें आणि वेळेवर आठवणें ह्यांतलें अंतर शिक्षकाला कोणी सांगावयास नको.

तेवढ्यांत त्याला जर्मनींत नोकरी लागली. साठांवर साचे आणि मी, असे आम्ही दोघे मागें राहिलों. पावतीवरचा पत्ता बदलावयाचा होता. एका साच्यानें दुसऱ्याकडे बोट दाखवावें, दुसऱ्यानें तिसऱ्याकडे, असें करीत सातव्या फाइलींत पत्ता सांपडला. जुन्या संकेतस्थळांत तें काम मीं स्वतः पांच मिनिटांत केलें असतें.

तेव्हां मीं पहिल्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावलें, आणि दोघांना पडद्यावर समोरासमोर बसविलें, एक पडवींत व एक जर्मनींत. ह्या वेळीं मला थोडी भाषा येत होती. प्रथम मीं माझाच निकाल फिरविला. जुन्या संकेतस्थळाचा अपराध वस्तुप्रधान नसणें हा नव्हताच. एक नियम चार ठिकाणीं उतरविणें हा होता. तो नियम एका साध्या फंक्शनांत लिहून चारही पानांनीं तेथूनच उत्तर घेतलें असतें, तरी त्या शिक्षकांचें नांव यादींत आलें नसतें. हें ऐकून जर्मनींतला विद्यार्थी किंचित् हिरमुसला. पण मीं पुढें विचारलें, "अरे, बाकीचा आंकडा कोण बदलतें?" जुन्या व्यवस्थेंत कोणतेंही पान तो आंकडा सरळ पुसून नवा लिहूं शकत होतें, आणि दोन खात्यांवर त्यामुळें उणे बाकी पडलेली मीं पाहिली होती. शाळेंत फीची पेटी असते. तिची किल्ली एकाकडेच राहते. बाकीच्यांनीं पैसे द्यावे, पावती घ्यावी, पेटींत हात घालूं नये. हें राखणें साध्या फंक्शनाला अवघड जातें, वस्तूला सोपें जातें. येथें पहिल्यानें मान डोलावली.

आमचें आजचें संकेतस्थळ त्या बैठकींतून निघालें. त्यांत साचे अवघे सहा आहेत. सभासद एकच, कोणाचा वारस नाहीं. त्याच्या हातांत वर्गणीचा नियम आणि दंडाचा नियम असे दोन निराळे पदार्थ दिलेले असतात, आणि आजीव-ज्येष्ठ गृहस्थांना दोन्ही सवलती त्यामुळें आपोआप मिळतात. पैशाचें खातें हा तिसरा महत्त्वाचा साचा. आंकडा त्याच्यावांचून कोणाला बदलतां येत नाहीं. बाकीचीं पानें, म्हणजे वाचनालयाचा इतिहास, वेळापत्रक, देणगीदारांचीं नांवें, हीं साधीं पानें आहेत. त्यांना साच्यांत कोंबण्याचा उद्योग आम्हीं सोडून दिला. शोधाचेंही तसेंच. आमच्या जुन्या ग्रंथांचीं नांवें जुन्या लेखनाप्रमाणें नोंदलेलीं आहेत. वाचक 'पद्धती' लिहितो, ग्रंथावर 'पद्धति' असतें, आणि शोध रिकाम्या हातानें परत येई. आतां एक लहानसें फंक्शन दोन्ही शब्दांतले व्याकरणाचे अनुस्वार काढतें, ऱ्हस्वदीर्घ सारखें करतें, आणि मग जुळवून पाहतें. शब्द आंत, शब्द बाहेर. त्याला काय आठवावयाचें आहे, कीं त्याची वस्तु करावी?

मला सर्वांत अधिक आनंद झाला तो निराळ्याच गोष्टीचा. नियम पानांपासून सुटा झाल्यामुळें तो पानावांचून तपासतां येतो. मीं परीक्षेच्या पद्धतीनें ४० उदाहरणें काढून दिलीं. सभासदाचें वय ६९ वर्षें ३६४ दिवस, पुस्तक तीन दिवस उशिरा, मध्यें एक रविवार, दंड किती? कोणीं आज्ञावलींत काना-मात्रेचा जरी बदल केला तरी संगणक तीं चाळीसही उदाहरणें सोडवून दाखवितो, आणि एकही चुकलें तर बदल स्वीकारीत नाहीं. माझ्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही इयत्तेनें इतका अभ्यास केला नाहीं.

ब्राउझरच्या बाजूची गोष्ट थोडक्यांत सांगतों. तेथें मनुष्य पडद्यापुढें बसलेला असतो, खिडक्या उघडझांप करतात, म्हणजे स्मॉलटॉकच्या जवळचें दृश्य. तेव्हां वस्तूंना तेथें अधिक अवसर असावा असें मला वाटे. ब्राउझरांत पान हेंच मुळीं वस्तूंचा वृक्ष म्हणून मांडलेलें असतें. तेथील जावास्क्रिप्ट भाषा १९९५ सालची. 'क्लास' हा शब्द तिला २०१५ सालीं मिळाला. तरीही फेसबुकनें २०१३ सालीं बाहेर काढलेल्या रिॲक्ट ह्या साधनांत प्रथम साच्यांचा पुष्कळ वापर होता, आणि २०१९ पासून त्याच साधनाचे कर्ते नव्या कामासाठीं साध्या फंक्शनांची शिफारस करूं लागले. माझा तर्क चुकला म्हणावयाचा. किंवा असें असेल कीं वस्तूचे फायदे, म्हणजे जवळ स्मृति बाळगणें आणि आंतलें झांकून ठेवणें, हे तेथें फंक्शनांनाच मिळवून देण्यांत आले. ह्या बाबतींत मी अद्याप विद्यार्थीच आहे. आणि जे लोक रेल्स, जँगो किंवा लारावेल ह्यांसारख्या तयार सांगाड्यांवर संकेतस्थळ उभारतात, त्यांनीं स्वतः एकही साचा लिहिला नाहीं तरी पायाखालीं वस्तुप्रधान रचना असतेच. त्यांच्यापुढें प्रश्न इतकाच उरतो कीं स्वतःची भर किती घालावी.

माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांचें अजून पूर्ण एकमत नाहीं. जर्मनींतल्याला सहा साचे थोडे वाटतात. गांवांतल्याला दोन जास्त वाटतात. हा वाद मला अनिष्ट वाटत नाहीं, कारण आतां दोघेही एकमेकांची फाइल वाचूं शकतात, आणि तिसरा मी वाचूं शकतों. आमच्यासारख्या संस्थेंत फुकट काम करणारा तरुण दर तीन वर्षांनीं परगांवीं जातो. त्याच्या मागून येणाराला पहिल्या आठवड्यांत पावतीवरचा पत्ता सांपडला पाहिजे.

थकबाकीदारांची यादी आम्हीं प्रसिद्ध करणें बंद केलें. गेल्या दिवाळींत मी त्या शिक्षकांच्या घरीं गेलों होतों, खात्याचा कागद घेऊन. त्यांनीं चष्मा लावून सारे आंकडे वरपासून खालपर्यंत तपासले, रविवार वगळले आहेत कीं नाहींत हेंही विचारलें, आणि शेवटच्या शून्यावर बोट ठेवून म्हणाले, "हें गणित बरोबर आहे." वाचनालयांत ते अजून आलेले नाहींत. त्यांचा नातू मात्र ह्या जूनपासून विद्यार्थी सभासद झाला आहे, आणि त्याच्या कार्डावर दर पंधरवड्यास जीं दोन पुस्तकें जातात, त्यांतलें एक त्याच्या वयाचें नसतें.